कात्री, खळ आणि वाचनालयाची भिंत

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातून लेनॉक्स अव्हेन्यू नावाचा रुंद रस्ता जातो. त्याला आडव्या छेदणाऱ्या १३२ व्या आणि १३३ व्या रस्त्यांच्या मधे लागून लागून उभ्या असलेल्या इमारतींची एक रांग होती. १९७१ साली रोमेअर बिअर्डन या चित्रकाराने ती सहा फळ्यांवर मांडली. त्या फळ्या शेजारी शेजारी लावल्या की चित्र अठरा फूट लांब आणि चार फूट उंच होतं. त्याचं नाव ‘द ब्लॉक’. खाली चर्च, न्हाव्याचं दुकान, कोपऱ्यावरची दुकानं. चर्चच्या दाराशी अंत्यविधीला जमलेली माणसं. वर खिडक्यांतून डोकावणारे चेहरे, आणि काही ठिकाणी भिंतच कापून काढल्यासारखी, म्हणजे आतल्या खोलीत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसावं. रंगवलेला भाग यात थोडा, चिकटवलेला जास्त. रंगीत कागद, चमकीचा कागद, मासिकांतले छापील तुकडे, फोटोंच्या प्रती, आणि त्यांच्या कडेकडेने शाई, पेन्सिल, जलरंग. एखादा चेहरा जवळून पाहिला तर एक डोळा एका फोटोतला, दुसरा दुसऱ्या, हनुवटी आणखी कुणाची. तरी चार पावलं मागं सरकलं की तो एका ठरावीक माणसाचा चेहरा होतो. कट्ट्यावर रोज दिसणाऱ्या, नाव माहीत नसलेल्या माणसाचा. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हे चित्र लागलं, तेव्हा त्याच्यासोबत रस्त्यावरच्या आवाजांचं ध्वनिमुद्रणही ऐकवलं जायचं. आज ते मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहात आहे.

त्या इमारतींपासून लेनॉक्स अव्हेन्यूनेच दोन रस्ते पुढे गेलं की १३५ व्या रस्त्यावर एक सार्वजनिक वाचनालय लागतं. या प्रस्तावनेत मी पुन्हा पुन्हा त्या इमारतीकडे वळणार आहे. वस्तीतल्या वाचनालयात मिश्र माध्यमांतल्या चित्रांचं प्रदर्शन भरवणं हा या पुस्तिकेचा विषय. तो समजून घ्यायला मला १३५ व्या रस्त्याइतकी योग्य जागा दुसरी माहीत नाही.

आधी मिश्र माध्यम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुस्तिकेत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. एकाच कलाकृतीत रंगासोबत कागद, कापड, दोरा, फोटो, लाकूड, धातू असं काहीही आलं की ते मिश्र माध्यम. आधुनिक चित्रकलेत याची सुरुवात साधारण १९१२ पासून धरतात. त्या वर्षी पिकासोने एका लहान लंबगोल चित्रात वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चिकटवलं आणि चौकटीऐवजी भोवती दोरखंड गुंडाळला. त्याच वर्षी ब्राकने लाकडासारखा दिसणारा भिंतीचा कागद कापून चित्रात लावला. पुढे ही पद्धत जगभर पसरली. पण खेड्यापाड्यांत, घराघरांत चिंध्या जोडणाऱ्या, काचा बसवणाऱ्या, भिंतीवर कॅलेंडरं डकवणाऱ्या बायकांना हे पॅरिसने शिकवलं नाही, हेही याच दमात सांगायला हवं.

तर ते वाचनालय. कार्नेगीच्या देणगीतून उभी राहिलेली ही इमारत १९०५ मध्ये उघडली. तेव्हा आसपासची वस्ती मुख्यतः गोऱ्यांची होती. पुढच्या पंधरा वर्षांत दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबं मोठ्या संख्येने इथे आली आणि वस्तीचा चेहरा पालटला. १९२० मध्ये अर्नेस्टाइन रोझ ही गोरी ग्रंथपाल तिथे रुजू झाली. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या: वाचनालय पूर्वीच्याच पद्धतीने चालवायचं, किंवा दारात कोण उभं आहे ते पाहायचं. तिने दुसरी वाट धरली. कॅथरीन लॅटिमर ही न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतली पहिली कृष्णवर्णीय ग्रंथपाल, ती याच शाखेत होती. प्वेर्तो रिकोहून आलेली पुरा बेलप्रे इथेच कामाला लागली आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना गोष्टी सांगू लागली. पुढे कादंबरीकार म्हणून नावाजलेली नेला लार्सन इथेच देवघेवीच्या टेबलामागे उभी असायची. आणि १९२१ मध्ये या वाचनालयाने कृष्णवर्णीय चित्रकार-शिल्पकारांचं प्रदर्शन भरवलं. त्या काळात शहरातल्या गॅलऱ्यांची दारं या कलावंतांना जवळजवळ बंदच होती, हे लक्षात घेतलं की ग्रंथपालाच्या त्या निर्णयाचं वजन कळतं.

१९२५ मध्ये तिथे कृष्णवर्णीयांचं साहित्य, इतिहास आणि छापचित्रं यांचा वेगळा विभाग सुरू झाला. पुस्तकांच्या बरोबरीने चित्रांनाही पहिल्या दिवसापासून जागा होती. पुढच्याच वर्षी आर्टुरो शॉम्बर्ग यांचा खासगी संग्रह १० हजार डॉलरना विकत घेऊन या विभागात आणला गेला. पैसे कार्नेगी कॉर्पोरेशनने दिले. शॉम्बर्ग प्वेर्तो रिकोत जन्मलेले. लहानपणी शाळेत त्यांना ‘तुमच्या लोकांना इतिहासच नाही’ असं ऐकावं लागलं, असं सांगतात. त्या वाक्याला उत्तर म्हणून या माणसाने आयुष्यभर पुस्तकं, हस्तलिखितं, पत्रकं, जुनी छापचित्रं गोळा केली. त्यांच्या संग्रहाभोवती वाढलेली ही शाखा आज शॉम्बर्ग सेंटर या नावाने ओळखली जाते.

या इमारतीच्या तळघराबद्दल मला विशेष आपुलकी आहे. १९२६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांच्या क्रिग्वा नाटक मंडळीने तिथे रंगमंच थाटला. १९४० मध्ये अमेरिकन निग्रो थिएटर तिथेच सुरू झालं आणि सिडनी पॉइटिए, हॅरी बेलाफॉन्टे या नटांची सुरुवात त्या संस्थेत झाली. मधल्या मंदीच्या वर्षांत वाचनालयाच्या आसऱ्याने चित्रकलेचे वर्गही चालले. चित्रकार चार्ल्स ॲल्स्टन यांच्याकडे शिकणाऱ्या मुलांत जेकब लॉरेन्स नावाचा एक मुलगा होता. तो हात चालवायला शिकला वर्गात, पण काय काढायचं ते त्याला सापडलं वाचनालयाच्या टेबलावर. हैतीच्या गुलामांच्या उठावाचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर याच्यावर त्याने १९३८ मध्ये ४१ चित्रांची मालिका पुरी केली, ती याच संग्रहातली पुस्तकं वाचून. पुढची ‘मायग्रेशन’ मालिका ६० चित्रांची. दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या लाखो माणसांची ती गोष्ट. तिच्यामागचा अभ्यासही इथलाच.

लॉरेन्सचं काम मिश्र माध्यमातलं नाही, हे मान्य. १९३४ मध्ये ॲरन डग्लस यांनी याच वाचनालयासाठी केलेली चार भव्य भित्तिचित्रंही तैलरंगातलीच आहेत. आफ्रिकेतल्या नाचापासून गुलामगिरी, मुक्ती, आणि मग शहरातली गगनचुंबी घरं. माणसांच्या नुसत्या सावल्यांसारख्या आकृती आणि त्यांच्यावरून पसरत जाणारी प्रकाशाची वर्तुळं. ही उदाहरणं मी मुद्दाम घेतो, कारण वाचनालय चित्रकाराला भिंतीपलीकडे काय देऊ शकतं ते त्यांतून कळतं. वाचनालयाने या माणसांना विषय दिला आणि बसायला ऊबदार टेबल दिलं. शिवाय खाली पुस्तक बदलायला आलेले शेजारी दिले, जे चित्रातला इतिहास आपला म्हणून ओळखणार होते.

बिअर्डन याच वस्तीत वाढला. जन्म १९११ चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट गावचा. ॲल्स्टन त्याच्या नात्यातलाच. बिअर्डन शिकला न्यूयॉर्क विद्यापीठात, आणि चित्रकलेचे धडे घेतले जॉर्ज ग्रोस यांच्याकडे. ग्रोस बर्लिनहून आलेले. पहिल्या महायुद्धानंतर फोटो कापून, जोडून राज्यकर्त्यांवर आसूड ओढणाऱ्या जर्मन चित्रकारांपैकी एक. म्हणजे कात्रीची विद्या बिअर्डनच्या गुरुघरातच होती. तरी ती हातात यायला त्याला पंचवीसेक वर्षं लागली. १९६३ मध्ये नागरी हक्कांची चळवळ टिपेला पोचली असताना काही कृष्णवर्णीय चित्रकारांनी ‘स्पायरल’ नावाचा गट स्थापला. आपण सगळ्यांनी मिळून एक मोठं चिकटचित्र करू या, असं बिअर्डनने सुचवलं. बाकीच्यांना ते फारसं रुचलं नाही. मग त्याने एकट्यानेच मासिकांतले तुकडे कापून टंकलेखनाच्या कागदाएवढी लहान लहान चित्रं केली. एका मित्राच्या सूचनेवरून ती फोटोस्टॅटवर कितीतरी पट मोठी करून घेतली आणि १९६४ मध्ये ‘प्रोजेक्शन्स’ या नावाने मांडली. तोवर तो पन्नाशी ओलांडून गेला होता. दिवसा तो शहराच्या समाजकल्याण खात्यात नोकरी करायचा, गरजू कुटुंबांच्या घरी जायचा. ‘द ब्लॉक’मध्ये भिंत कापून दाखवलेल्या त्या खोल्या इतक्या ओळखीच्या का वाटतात, त्याचं एक कारण मला या नोकरीत दिसतं. दुसऱ्याच्या घराची दारं उघडून आत जाणं हा त्याचा रोजचा धंदा होता.

आता माझं मुख्य म्हणणं. गॅलरीत चित्र पाहणारा माणूस चित्र पाहायलाच आलेला असतो. त्याने चपला जपून टाकलेल्या असतात, आवाज खाली आणलेला असतो, आपल्याला यातलं कळतं की नाही या काळजीत तो भिंतीपुढे उभा असतो. वाचनालयात येणारा माणूस यातल्या कशासाठीच आलेला नसतो. त्याला कादंबरी बदलायची असते. स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासिकेत जागा धरायला आलेली असतात. निवृत्त गृहस्थ चार वर्तमानपत्रं चाळायला, आई मुलाला बालविभागात सोडायला. चित्र त्यांच्या वाटेत येतं. आणि चिकटचित्रात ज्या वस्तू असतात त्या त्यांच्या हातातल्याच असतात: बसचं तिकीट, पोस्टकार्ड, लग्नपत्रिकेचा कोपरा, वर्तमानपत्रातली निधनवार्ता, शाळेचा बिल्ला, साडीचा काठ. तैलचित्रापुढे ‘मला यातलं कळत नाही’ म्हणणारा माणूस तिकिटापुढे तसं म्हणत नाही. तो आधी ते कुठल्या मार्गाचं आहे ते वाचतो. तिथून पाहणं सुरू होतं. वाचायची सवय असलेल्या डोळ्यांना चित्राकडे नेणारा याहून सरळ रस्ता मला ठाऊक नाही.

मुलांच्या बाबतीत तर हे आणखीच खरं. जोसेफ कॉर्नेल हा न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातला कलावंत. चित्रकलेचं शिक्षण नाही. आई आणि आजारी भाऊ यांच्यासोबत एका साध्या घरात आयुष्य काढलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून गोळा केलेली पानं, आकाशाचे नकाशे, काचेच्या गोट्या, पक्ष्यांची चित्रं तो काचेच्या दाराच्या उथळ पेट्यांत मांडायचा. १९७२ मध्ये, त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, कूपर युनियन या संस्थेत त्याचं प्रदर्शन खास मुलांसाठी भरलं. पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगल्या होत्या आणि खायला ब्राउनी आणि चेरीचं पेय ठेवलं होतं. मोठ्यांना वाकून बघावं लागलं. आपल्याकडे बालविभागातसुद्धा चित्रं मोठ्यांच्या नजरेच्या रेषेत, कपाटांच्या वर लावलेली असतात, हे पाहून मला दरवेळी वाईट वाटतं.

आपल्याकडे वाचनालयांची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर शासनमान्य वाचनालयं गावोगावी झाली. पण त्यांच्या भिंतींवर काय दिसतं? संस्थापकांच्या तसबिरी, देणगीदारांची संगमरवरी पाटी, पुण्यतिथीला हार घातलेले राष्ट्रपुरुष, आणि ‘शांतता राखा’. तसबिरींबद्दल माझी तक्रार नाही. त्या माणसांनी घरं गहाण ठेवून पुस्तकं घेतली आहेत. पण उरलेली भिंत मोकळी पडून आहे.

गंमत अशी की मराठी वाचकाच्या डोळ्याला चित्राची ओळख वाचनालयानेच करून दिली. चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांची आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं ज्या लाखो माणसांनी पाहिली, त्यांतल्या फार थोड्यांनी जहांगीर आर्ट गॅलरीची पायरी चढली असेल. दिवाळी अंकांच्या योजनेत नाव नोंदवून, अंक आठवडाभर घरी नेऊन, हातोहात फिरवून त्यांनी ती चित्रं पाहिली. कडा फाटलेले, पुठ्ठ्यात बांधलेले ते अंक वाचनालयांच्या माळ्यांवर अजून आहेत. म्हणजे आपली वाचनालयं चित्रं दाखवतच होती, फक्त भिंतीवर नाही.

हार्लेम आपल्याला परकं नाही, हेही इथे नोंदवावंसं वाटतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले; विद्यापीठ हार्लेमला खेटून आहे. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती, आणि ड्यू बॉइस यांनी त्याला आस्थेने उत्तर दिलं. १३५ व्या रस्त्याच्या तळघरात नाटक मंडळी थाटणारे ते हेच ड्यू बॉइस. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. ज्यांच्या आयुष्याची कागदपत्रं कुणी जपली नाहीत त्यांनी ती स्वतः गोळा करायची, हे काम इथेही झालं आहे आणि चालू आहे. वस्तीतल्या माणसांनी आपल्या घरातल्या कागदांतून केलेलं चित्र त्याच कामाचा भाग आहे असं मी मानतो.

पुस्तिकेतला मधला भाग प्रत्यक्ष कामाचा आहे, आणि तो कंटाळवाणा वाटला तरी गाळू नये अशी माझी विनंती आहे. प्रेमाने केलेलं प्रदर्शन पहिल्याच पावसाळ्यात कुजलं तर त्या प्रेमाचा कुणाला उपयोग नाही. मैद्याची खळ स्वस्त आणि चांगली, पण झुरळं आणि कसर तिच्यावर तुटून पडतात, आणि वाचनालयात ती चित्रावरून पुस्तकांवर जायला वेळ लागत नाही. म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत आले. मोरचूद विषारी असतं, तेव्हा मुलं हात घालणार असतील तिथे ही खळ नको. पांढरा फेव्हिकॉल पातळ करून वापरावा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो उजेडात महिन्याभरात पिवळा पडू लागतो. कात्रण मोलाचं असेल तर त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती चिकटवावी आणि मूळ कात्रण फाइलमध्ये ठेवावं. बिअर्डनची पहिली मोठी चित्रंही अशा प्रतींचीच होती, तेव्हा यात काही उणेपणा नाही. काच लावणार असाल तर काच आणि चित्र यांच्यामधे माउंटची पट्टी हवी, नाहीतर दमट हवेत कागद काचेलाच चिकटतो. चौकटीच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीची ओल थेट चित्रात उतरत नाही.

एक प्रश्न हमखास येतो: कापायला पुस्तकं कुठून आणायची? चांगल्या स्थितीतलं, सभासदाच्या हाती जाऊ शकेल असं पुस्तक कधीही कापू नये, ते कितीही काळ कुणी मागितलेलं नसलं तरी. पण प्रत्येक वाचनालयात वाळवीने खाल्लेली, पानं गळालेली, रीतसर ठराव करून दाखल नोंदवहीतून बाद केलेली पुस्तकं असतात आणि ती किलोवर रद्दीत जातात. त्यांचे पुठ्ठे, शिक्के, मागच्या पानावर चिकटवलेल्या परतीच्या तारखांच्या चिठ्ठ्या हा खजिना आहे. एका चिठ्ठीवर वेगवेगळ्या शाईत उमटलेले वीस-पंचवीस शिक्के असतात. सुरुवातीचे दाटीवाटीने, दर पंधरा दिवसांचे, मग मधेच दोन वर्षांची पोकळी, मग एकदम एकाच महिन्यात तीन. त्या पुस्तकावर चित्रपट आला असेल, की ते अभ्यासक्रमाला लागलं असेल? अशी एक चिठ्ठी नुसती कोऱ्या कागदावर लावून भिंतीवर टांगली तरी माणसं थांबतात. संगणकावर देवघेव सुरू झाल्यापासून या चिठ्ठ्या आणि तालिकेची कार्डं झपाट्याने नाहीशी होत आहेत. ज्या ग्रंथपालांच्या हाताशी ती अजून असतील त्यांनी ती रद्दीवाल्याला देण्याआधी हे प्रकरण वाचावं.

प्रदर्शनाच्या मुदतीबद्दल माझं मत पुस्तिकेतल्या मतापेक्षा थोडं वेगळं आहे. पुस्तिकेत आठवडा सुचवला आहे, कारण सभागृहं आठवड्याच्या हिशेबाने मिळतात. पण भिंत वाचनालयाची स्वतःची असेल तर चित्रं निदान दीड महिना राहू द्यावीत. सभासद पुस्तक पंधरा दिवसांसाठी नेतो. पहिल्या खेपेला तो घाईत असतो, चित्राकडे नजर टाकून निघून जातो. दुसऱ्या खेपेला थांबतो. तिसऱ्या खेपेला घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन येतो, आणि पुष्कळदा त्याच्या पिशवीत जुनं काहीतरी असतं: आजोबांचं गिरणीचं ओळखपत्र, रेशनकार्डाचं पान, फोटो. ‘हे चालेल का?’ म्हणून तो विचारतो. ते ठेवून घ्यायला टेबलावर एक पेटी आणि नाव लिहून घ्यायला एक वही असावी, आणि वस्तू परत हवी की नको हे त्याच वेळी विचारून घ्यावं.